राखीव माणूस

दुसऱ्याचा पाय मोडला म्हणजे ज्याचे नशीब उघडते, त्या माणसाने मनात काय इच्छावे?

हा प्रश्न मला एखाद्या धर्मग्रंथात भेटला नाही. तो भेटला अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, आणि भेटल्यापासून त्याने माझी पाठ सोडलेली नाही. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. आपल्याकडच्या कॉलेजाचेही मैदान मी कुंपणाबाहेरूनच पाहिले आहे. तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठांच्या खेळाविषयी मी लिहावे हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु माझा एक जुना विद्यार्थी ओहायो राज्यातील कोलंबस शहरी नोकरीनिमित्त राहतो. तेथील विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून अधिक माणसे बसतात आणि शरद ऋतूतल्या शनिवारी सारे शहर तांबडे कपडे घालून तिकडे चालू लागते, हे त्याने मला प्रथम कळवले तेव्हा मला आपली आषाढी आठवली. पुढे त्याच्या नादाने मीही सामने पाहू लागलो. खेळ मला अजून पुरता उमगत नाही. पण बाकावर बसलेली माणसे उमगतात. शाळेचा कबड्डीचा संघ घेऊन वर्षानुवर्षे तालुक्याला जाणाऱ्या मास्तराला, सात खेळणारे आणि पाच राखीव यांपैकी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहणे अधिक जड जाते, हे सांगावयास नको.

ज्याला अमेरिकन लोक फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, तो बहुतेक हातांनीच खेळतात, आणि अंगावर जाऊन माणसाला खाली पाडणे हा त्यात नियमभंग नसून खेळच आहे. एका वेळी मैदानात अकरा जण. पण चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. १९६५ पासून महाविद्यालयीन सामन्यांत खेळाडू हवे तितके आणि हवे तेव्हा बदलण्याची मोकळीक मिळाली, तेव्हापासून कामाकामाचा माणूस निराळा झाला. चेंडूला नुसती लाथ मारण्यापुरता एक जण ठेवलेला असतो, तो लाथ मारून परत बाकावर येऊन बसतो. अशा खेळात दर शनिवारी कोणाचा तरी गुडघा, कोणाचा तरी खांदा जातो. म्हणून प्रशिक्षकाजवळ एक तक्ता असतो. त्याला ‘डेप्थ चार्ट’ म्हणतात. प्रत्येक जागेसमोर एक नाव, त्या नावाखाली दुसरे, त्याखाली तिसरे. आपण ज्याला दुसरी फळी म्हणतो तिला ते लोक खोली म्हणतात. विहिरीत किती परस पाणी आहे हे जसे उन्हाळ्याआधी पाहून ठेवावयाचे, तसे कोणत्या जागी माणसांची किती खोली आहे हे हंगामाआधी पाहून ठेवावयाचे.

एके काळी ही खोली वाटेल तेवढी वाढवता येत असे. १९७३ पूर्वी फुटबॉलसाठी किती शिष्यवृत्त्या द्याव्यात यावर साऱ्या देशाला लागू अशी मर्यादा नव्हती. श्रीमंत विद्यापीठे मुले गोळा करीत, आणि त्यांतली काही आपल्याला हवी म्हणून नव्हे, तर शेजारच्याला मिळू नयेत म्हणून घेतलेली असत. दुष्काळाच्या साली कणगी भरून ठेवणारा सावकार आणि हे प्रशिक्षक यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. फक्त कणगीतल्या दाण्याला आपण कशासाठी पडून आहोत हे कळत नाही, मुलाला कळते. १९७३ साली १०५ची मर्यादा आली, १९७८ साली ती ९५ झाली, आणि १९९०नंतरच्या वर्षांत हळूहळू ८५वर आली. पण त्याच १९७३ साली आणखी एक गोष्ट झाली. चार वर्षांची शिष्यवृत्ती जाऊन वर्षावर्षाची शिष्यवृत्ती आली. म्हणजे विद्यापीठाला मुलगा दर वर्षी सोडता येऊ लागला. मुलाला विद्यापीठ सोडून दुसरीकडे जायचे तर मात्र एक वर्ष खेळाविना बसावे लागे. दाराला कडी होती, पण ती एकाच बाजूने.

हे सारे ध्यानात ठेवून आता कार्डेल जोन्सची गोष्ट पाहावी. माझ्या विद्यार्थ्याच्या कोलंबसमधलीच ती आहे.

क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. प्रत्येक चढाई त्याच्या हातून सुरू होते. २०१४च्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्याआधीच, ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर याचा खांदा दुखावला. त्याच्या नावाखाली जे. टी. बॅरेटचे नाव होते. बॅरेट इतका चांगला खेळला की लोक मिलरला जवळजवळ विसरले. २९ नोव्हेंबरला, मिशिगनविरुद्धच्या सामन्यात, बॅरेटचा घोटा मोडला. त्याच्या नावाखाली जोन्स होता. एका आठवड्याने जोन्स पहिल्याच चढाईपासून सूत्रे हाती घेऊन उतरला, तो महाविद्यालयीन खेळात प्रथमच, आणि ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला ५९-० असे हरवले. मग १ जानेवारी २०१५ला बलाढ्य अलाबामाला ४२-३५, आणि १२ जानेवारीला ऑरेगॉनला ४२-२०. तीन सामने, आणि राष्ट्रीय विजेतेपद. तक्त्यातले तिसरे नाव!

ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण हरखून जातो, आणि मीही गेलो होतो. पण नंतर मला झोप येईना. मिशिगनविरुद्ध बॅरेट खाली पडला आणि उठला नाही, त्या घटकेला बाकाजवळ उभ्या असलेल्या मुलाच्या मनात काय आले असेल? त्याच्याविषयी मी काही सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. मी त्या जागेविषयी बोलतो आहे. ज्याच्या दुर्दैवातून आपले सुदैव यावयाचे, त्याच्याच शेजारी बसून जेवायचे, त्याच्याच बरोबर घाम गाळायचा, तो मैदानात उतरला की सर्वांच्या आधी टाळ्या वाजवायच्या. थोरली जाऊ अंथरुणाला खिळल्यावर जिच्या हाती कोठीच्या किल्ल्या आल्या, अशा धाकट्या जावेला हे बरोबर कळेल. तिने रात्ररात्र जागून थोरलीची सेवा केलेली असते, ती मनापासून केलेली असते, आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लागतो तेव्हा त्याचे वजन तिला गोडही वाटते.

येथे कोणी गीतेतले निष्काम कर्म पुढे करील. मला ते या ठिकाणी फार स्वस्त वाटते. एकोणीस वर्षांच्या मुलाला खेळावेसे वाटते. तसे वाटत नसेल तर तो राखीव म्हणूनही निरुपयोगी आहे. म्हणजे इच्छा तर हवी, तीव्र हवी, रोज पहाटे उठवून पळवण्याइतकी हवी. आणि ती ज्या एका वाटेने पुरी व्हावयाची त्या वाटेकडे मात्र डोळे लावावयाचे नाहीत. जी वेळ येऊ नये असेच म्हणायचे, तिची तयारी रोज करावयाची. इतकी अवघड मनःस्थिती आपण मोठ्या साधकाकडूनही मागत नाही. ती मागितली जाते कॉलेजातल्या पोरांकडून, आणि एका वेळी साठ-सत्तर जणांकडून.

आणि मागणाऱ्याची त्यांच्यावर श्रद्धा तरी असते का? २०२३ साली फ्लॉरिडा स्टेट हा संघ अजिंक्य होता. १८ नोव्हेंबरला त्याचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला जबर दुखापत झाली. पुढचा सामना दुसऱ्याने जिंकून दिला. त्यालाही डोक्याला मार लागला. मग तिसरा, पहिल्या वर्षाचा एक पोरगा, उतरला, आणि संघाने लुईव्हिलला १६-६ असे हरवून आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळवले. तेरा सामने, तेरा विजय. तरीही दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, निवड समितीने अंतिम फेरीच्या चार संघांतून त्याला वगळले, आणि एक सामना हरलेले टेक्सस व अलाबामा यांना घेतले. कारण असे दिले की ट्रॅव्हिसवाचून हा संघ तो संघ राहिला नाही. नऊ वर्षांपूर्वी एक सामना हरलेल्या ओहायो स्टेटला तिसऱ्या क्वार्टरबॅकसह त्याच चौघांत जागा मिळाली होती. कारण त्याने ५९ गुणांनी सामना जिंकला होता, आणि ह्याने दहाच. राखीव माणसाने नुसते निभावून नेले तर पुरत नाही. त्याने पहिल्याला विसरावयास लावले पाहिजे.

पुढे जे झाले ते वाचून मला समितीचा राग आला तितकाच विषादही वाटला. ३० डिसेंबरला फ्लॉरिडा स्टेटचा जॉर्जियाशी सामना होता. तोपर्यंत दोन डझनांहून अधिक खेळाडू या ना त्या कारणाने बाजूला झाले होते. कोणी धंदेवाईक खेळाकडे डोळे लावून होते, कोणी दुसऱ्या विद्यापीठाकडे निघाले होते. ज्याने मधला सामना जिंकून दिला तो दुसरा क्वार्टरबॅकही निघालेल्यांत होता. सामना ६३-३ असा गमावला. मागच्या आठवड्यापर्यंत जी विहीर भरलेली दिसत होती, तिचा तळ दिसला.

या गोष्टीवरून माझा नि माझ्या विद्यार्थ्याचा फोनवर चांगलाच वाद झाला.

“सर, आता निष्ठा म्हणून काही उरलीच नाही,” तो म्हणाला. “पूर्वी मुलगा चार वर्षे एका जागी राहायचा. दोन वर्षे बाकावर काढायचा, तिसऱ्या वर्षी खेळायचा. आता बाकावर बसवला की दुसऱ्या दिवशी पोर्टलमध्ये नाव.”

“अरे, पण पूर्वी तो जाणार कुठे होता?” मी विचारले.

“म्हणजे?”

“दार लावून घेतलेल्या घरात सून नांदली, तर तिला तू प्रेमाने नांदली म्हणशील का?”

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, तुम्ही कादंबरीकार आहात. तुम्हाला प्रत्येक ठिकाणी सून दिसते.”

तो म्हणतो ते खोटे नाही. पण माझे म्हणणे मी सोडले नाही. ज्या पोर्टलविषयी तो बोलत होता, ते म्हणजे २०१८च्या ऑक्टोबरात सुरू झालेली एक नोंदवही. ज्याला दुसरीकडे जायचे असेल त्याने तीत नाव घालावे, म्हणजे इतर विद्यापीठांना त्याच्याशी बोलता येते. आधी नाव घालून गेले तरी फुटबॉलच्या खेळाडूला बहुधा वर्षभर बसावे लागे. २०२१च्या एप्रिलपासून एकदा जाण्याला ती शिक्षा उरली नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये, न्यायालयाचा तडाखा बसल्यावर, कितीही वेळा जाण्याला उरली नाही. अभ्यासात नापास नसला म्हणजे झाले. लोक म्हणतात, यामुळे खेळाची वाताहत झाली. झालीही असेल. पण प्रशिक्षकांना मात्र असे बसण्याचे बंधन कधीच नव्हते. २०२१च्या नोव्हेंबरअखेर नॉत्र डॅमचा संघ बारांपैकी अकरा सामने जिंकून अंतिम फेरीच्या निवडीची वाट पाहत होता, तेव्हा त्याचा प्रशिक्षक ब्रायन केली लुईझियाना स्टेटकडे निघून गेला. त्याला कोणी वर्षभर घरी बसवले नाही. ज्या मुलांना त्याने घरोघर जाऊन, आईबापांसमोर बसून आणले होते, ती मुले मागे राहिली. निष्ठेची शिकवण अशा वेळी नेमकी कोणी कोणाला द्यावयाची?

महाभारतात कर्ण हाही एक राखीव माणूसच आहे, हे माझ्या या निमित्ताने ध्यानात आले. भीष्माने त्याला अर्धरथी ठरवले, आणि भीष्म रणात असेपर्यंत मी शस्त्र धरणार नाही असे कर्ण म्हणाला. दहा दिवस युद्ध झाले, तो शिबिरात बसून होता. भीष्म पडला तेव्हा त्याची पाळी आली. त्याआधी कृष्णाने त्याला पलीकडे येण्याविषयी विचारले होते. जन्माचे रहस्य सांगून, थोरल्या भावाचा मान आणि राज्य देऊ करून विचारले होते. कर्ण गेला नाही. युगानुयुगे आपण त्याच्यावर जीव टाकतो, तो तो जिंकला म्हणून नव्हे. जाता येत असून गेला नाही म्हणून. कृष्ण त्या रथात बसून त्याच्याशी बोललाच नसता, तर कर्ण राहिला याला काय किंमत होती? आणि युयुत्सू कौरवांकडून पांडवांकडे गेला, त्यालाही महाभारत दोष देत नाही. शल्याला तर दुर्योधनाने वाटेतच मेजवान्या घालून फोडला होता. हा प्रकार अमेरिकेतल्या कोणत्याही प्रशिक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही.

माझ्या मनातले मुद्दे २०१८ सालच्या दोन मुलांनी माझ्यापेक्षा चांगले मांडले आहेत. एक अलाबामाचा जेलन हर्ट्‌स. दोन वर्षे तो पहिला क्वार्टरबॅक होता. सुरुवातीपासून खेळलेल्या अठ्ठावीस सामन्यांपैकी सव्वीस त्याने जिंकले होते. ८ जानेवारी २०१८ला राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात अलाबामा ०-१३ असा मागे पडला, तेव्हा मध्यंतरात निक सेबन या प्रशिक्षकाने त्याला बसवून पहिल्या वर्षाच्या तुआ टागोवायलोआला उतरवले. तुआने सामना फिरवला, २६-२३. साऱ्या देशासमोर, अर्ध्या सामन्यातून बाकावर! हर्ट्‌सने आता जावे असे सर्वांनी धरले होते. तो पुढचा हंगाम राहिला, तुआच्या नावाखाली. १ डिसेंबरला त्याच अटलांटातल्या त्याच मैदानात त्याच जॉर्जियाशी सामना झाला, शेवटच्या पावात तुआ जायबंदी झाला, आणि २१-२८ असे मागे असताना हर्ट्‌स उतरला. त्याने एकदा चेंडू फेकून आणि एकदा स्वतः धावून सामना ३५-२८ असा जिंकून दिला. त्याच महिन्यात त्याने पदवी घेतली आणि मग तो ओक्लाहोमाला गेला. म्हणजे तो राहिलाही आणि गेलाही. २०२५च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या धंदेवाईक संघाने त्याच्या सूत्रधारीत सुपर बोल जिंकला.

दुसरा क्लेमसनचा केली ब्रायंट. २०१७ साली संघाला अंतिम फेरीत नेणारा तोच. २०१८ साली चार सामने झाल्यावर त्याची जागा पहिल्या वर्षाच्या ट्रेव्हर लॉरेन्सला दिली गेली. त्या वर्षी नवा नियम आला होता: चार सामन्यांपर्यंत खेळले तर ते वर्ष खर्ची पडत नाही. ही वर्षे राखून ठेवण्याची चाल जुनी आहे. १९३७ साली नेब्रास्काच्या वॉरन अल्फसन नावाच्या मुलाने वर्षभर न खेळता तांबडा सदरा घालून नुसता सराव केला, तेव्हापासून अशा मुलाला ‘रेडशर्ट’ म्हणतात, असे सांगतात. ब्रायंटने हिशेब केला आणि चौथ्या सामन्यानंतर तो निघून गेला. तीनच दिवसांनी सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्स जायबंदी झाला. तक्त्यात आता चेस ब्राइस होता. शेवटच्या मिनिटांत त्याने संघाला चौऱ्याण्णव यार्ड पुढे नेले आणि क्लेमसन २७-२३ असा जिंकला. त्या हंगामात क्लेमसन एकही सामना हरला नाही.

हर्ट्‌सची गोष्ट सांगताना सगळ्यांचा कंठ दाटून येतो, आणि ब्रायंटला तेव्हा कित्येकांनी नावे ठेवली. मला ब्रायंटला नावे ठेवता येत नाहीत. चारच वर्षे खेळण्याचा हक्क असलेल्या मुलाने एक वर्ष वाचवले, यात पाप कोणते? पण हर्ट्‌सविषयी आदर वाटतो, तो ब्रायंटही जाऊ शकला म्हणूनच. ब्रायंटला जाण्याची मुभा नसती, तर हर्ट्‌सही इतरांसारखा अडकलेला असता, आणि त्याच्या मनात काय होते हे कोणालाच कळले नसते, कदाचित त्यालाही. आणि चेस ब्राइस? तो पुढे क्लेमसनहून ड्यूकला गेला, तेथून ॲपलेचियन स्टेटला, आणि २०२२च्या सप्टेंबरात त्याच्या त्या लहान विद्यापीठाने टेक्सस ए अँड एमसारख्या बड्या संघाला त्यांच्याच घरी १७-१४ असे हरवले. आयुष्यभर नावाखालचे नाव होऊन राहण्याची शपथ कोणी घेतलेली नसते.

आता तिकडे ‘रिटेन्शन’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. खेळाडू टिकवणे. मला हा शब्द खटकतो. मराठीत लोणचे टिकते, लुगड्याचा रंग टिकतो, भिंतीचा गिलावा टिकतो. माणूस राहतो. गडी टिकत नाही असे आपण म्हणतो खरे, पण ते मालक म्हणतो. गडी म्हणत नाही. टिकवण्याचा उपाय म्हणजे पैसा. २०२१च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने एकमुखी निकाल दिला, आणि लगेच १ जुलैपासून आपल्या नावाचे नि चेहऱ्याचे मोल घेण्याची खेळाडूंना मुभा मिळाली. ६ जून २०२५ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाऊस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली, तेव्हा विद्यापीठांनाच आपल्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना देता येऊ लागला. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाने सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर देण्याचे ठरले. या पैशाविषयी नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. लाख लाख माणसांचे तिकीट, दूरचित्रवाणीचा पैसा, प्रशिक्षकांचे कोटींचे पगार हे सर्व ज्यांच्या गुडघ्यांवर उभे होते, त्यांना काही मिळाले तर ते उशिरा मिळाले एवढेच माझे म्हणणे आहे.

पण त्या तडजोडीत एक कलम होते. शिष्यवृत्त्यांची ८५ची मर्यादा काढून टाकली; त्याऐवजी संघात एकूण माणसेच १०५ ठेवावयाची. वरवर पाहता हा फायदाच. अडचण अशी की त्यापूर्वी ८५ शिष्यवृत्तीवाल्यांखेरीज कित्येक संघांत तीस-तीस, चाळीस-चाळीस मुले अशी असत की ज्यांना काहीच मिळत नसे. त्यांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात. कोणी न बोलावता आपल्या पायांनी चालत आलेली. आपली फी आपण भरावयाची आणि संघात राबावयाचे. त्यांचे मुख्य काम म्हणजे आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सोंग वठवणे. येत्या शनिवारी मिशिगनशी गाठ असेल, तर या मुलांनी सोमवारपासून मिशिगनच्या चाली शिकून त्या आपल्याच पहिल्या फळीविरुद्ध खेळावयाच्या, मार खावयाचा, आणि शनिवारी स्वच्छ गणवेश घालून बाजूला उभे राहावयाचे.

अशा एका मुलावर १९९३ साली ‘रूडी’ नावाचा चित्रपट निघाला. नॉत्र डॅमचा तो मुलगा ८ नोव्हेंबर १९७५ला जॉर्जिया टेकविरुद्ध अगदी शेवटी काही क्षणांपुरता मैदानात उतरला, आणि सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेतले. चित्रपट पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आले, पण माझी त्याच्याविषयी तक्रार आहे. तो उतरला म्हणून त्याची गोष्ट झाली. त्याच्या शेजारी उभा राहिलेला आणि कधीच न उतरलेला कोणी असेलच ना? त्याने खाल्लेला मार तेवढाच खरा होता. कर्णाचे तरी अकराव्या दिवशी नाव निघाले.

कार्डेल जोन्सला आपली पाळी येईल ही आशा होती. हर्ट्‌सला आणि ब्रायंटला दुसरीकडे मागणी होती. या मुलांना आशा नव्हती आणि मागणीही नव्हती. त्यांना टिकवण्यासाठी कोणी काही केले नव्हते. ती राहिली होती. सगळ्या खेळात निष्ठा हा शब्द ज्यांच्याविषयी काचकूच न करता वापरता येईल, अशी तीच होती. आणि १०५चा आकडा येणार हे दिसताच, तडजोड मंजूर होण्याच्या आधीच, विद्यापीठांनी पहिली कात्री लावली ती त्यांना.

हे अन्यायाने झाले असते तर लिहिणे सोपे होते. ते न्यायाच्या ओघात झाले. ज्यांनी दावा मांडला त्यांचे म्हणणे रास्त होते, ज्यांना पैसे मिळाले त्यांना ते मिळावयासच हवे होते, आणि १०५चा आकडा काही कोणी दुष्टपणाने काढलेला नव्हता. ज्याची त्याची किंमत ठरू लागली की माणसे मोजावी लागतात, आणि मोजावयास बसले की ज्याची किंमत ठरलेली नाही तो शेवटी येतो. माझा विद्यार्थी म्हणाला, “सर, फुकट राबणाऱ्याला काढून टाकणं म्हणजे त्याची पिळवणूक थांबवणंच नाही का?” मला पटकन उत्तर सुचले नाही. पण ज्याला काढले त्या मुलाला विचारले, तर तो असे म्हणेल असे मला वाटत नाही.

न्यायाधीश विल्कन यांच्यापुढे एप्रिल २०२५ मध्ये सुनावणी झाली तेव्हा या मुलांची बाजूही मांडली गेली, आणि त्यांच्यासाठी काही सोय केल्याशिवाय मी मंजुरी देणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. दोन्ही पक्षांचे वकील पुन्हा बसले. ठरले ते असे: १०५ची मर्यादा येणार म्हणून ज्यांची जागा गेली किंवा जाणार होती, अशा मुलांची नावे विद्यापीठांनी द्यावीत. त्या यादीतला मुलगा जुन्या किंवा नव्या कोणत्याही विद्यापीठाच्या संघात राहिला, तरी खेळण्याचा त्याचा हक्क संपेपर्यंत १०५त मोजला जाणार नाही.

मात्र त्याला परत घ्यावे की नाही, हे ज्या त्या विद्यापीठाच्या मर्जीवर ठेवले आहे.